घटनेबाहेर राहिलेली झडती

भारतीय राज्यघटनेचे बाविसावे कलम अटकेबद्दल स्पष्ट बोलते. अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण शक्य तितक्या लवकर सांगितले पाहिजे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला त्याला घेता आला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. पण पोलिस माणसाला न नेता त्याच्या घरात शिरतात, कपाटे उघडतात, वह्या, कागद आणि आता मोबाइलही ताब्यात घेतात, किंवा नाकाबंदीवर गाडी थांबवून डिकी उघडायला लावतात, तेव्हा त्यांना मर्यादा कोणती, हे घटनेत कुठेच लिहिलेले नाही. मूलभूत हक्कांच्या संपूर्ण भागात झडतीविषयी एक वाक्यही नाही. ते वाक्य येता येता राहिले, ते डिसेंबर १९४८ मध्ये. वऱ्हाडातल्या एका वकील सदस्याने मांडलेली आणि खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वीकारायची तयारी दाखवलेली दुरुस्ती घटना समितीत टिकली नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने या मौनाचा अर्थ घटनाकारांना हे बंधन नकोच होते असा लावला. त्या काळची कागदपत्रे पाहिली तर हा अर्थ फार ताणलेला वाटतो. वाद मुख्यतः नागरिकाला असे संरक्षण असावे की नसावे यावर नव्हता. ते घटनेत लिहावे की साध्या कायद्यावर सोपवावे यावर होता. साध्या कायद्यावर भरवसा ठेवला गेला, आणि नंतरचा इतिहास तो भरवसा पुरा न पडल्याचा आहे.

घराचा उंबरा सरकारने मनमानीने ओलांडू नये, ही मागणी स्वातंत्र्य चळवळीत फार जुनी आहे. १८९५ च्या सुमारास तयार झालेल्या ‘कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया बिल’ या मसुद्यातच नागरिकाचे घर हे त्याचे अभंग आश्रयस्थान असल्याचे म्हटले होते. दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोल्जर घरोघर शिरले, माजघरापर्यंत गेले, आणि त्या संतापाचे पुढचे पडसाद गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडच्या खुनात उमटले. या प्रकरणातली एक गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. ती घरझडती बेकायदेशीर नव्हती. त्याच वर्षी घाईने संमत झालेल्या साथरोग कायद्याच्या मोजक्या कलमांनी सरकारला हवे ते नियम करायची मुभा दिली होती. १९१९ च्या रौलट कायद्यानेही विनावॉरंट अटक आणि झडतीचे अधिकार रीतसर कायदा करूनच दिले. तरीसुद्धा १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या काँग्रेसच्या कराची ठरावात जे आश्वासन दिले गेले, त्यात एक फट राहून गेली. कोणाच्याही घरात कायद्यानुसार असल्याखेरीज प्रवेश होणार नाही, असे ते होते. कायदा करणारे परके होते तोवर ही फट दिसत होती. कायदा आपलेच लोक करणार म्हटल्यावर ती डोळ्यांआड झाली.

मार्च १९४७ मध्ये मूलभूत हक्कांच्या उपसमितीपुढे जे मसुदे आले, त्यांत ही फट बुजवायचा प्रयत्न होता. कन्हैयालाल मुन्शींच्या मसुद्यात घराची अभंगता आणि पत्रव्यवहाराची गुप्तता हे दोन्ही हक्क होते. आंबेडकरांचे निवेदन आणखी नेमके होते. अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या चौथ्या दुरुस्तीच्या धर्तीवर माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण असावे, सबळ कारण असल्याखेरीज वॉरंट निघू नये, अशी तरतूद त्यांनी सुचवली होती. उपसमितीने एप्रिलमधल्या आपल्या अहवालात हा हक्क घेतलाही. त्यावर घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांनी आक्षेप नोंदवला. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. चोरीचा माल अमुक ठिकाणी दडवला आहे अशी खबर तपास करणाऱ्या फौजदाराला लागते. तो लगेच गेला तर माल मिळण्याची शक्यता असते. कोर्टाचे वॉरंट आणायला पाठवले तर आतल्या भागातली अंतरे आणि वाहनांचा तुटवडा पाहता तोवर माल नाहीसा होईल, असे त्यांचे म्हणणे. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनीही विरोध केला. सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने त्याच महिन्यात झडतीचा आणि पत्रव्यवहाराचा असे दोन्ही हक्क यादीतून काढून टाकले.

रावांचा आक्षेप न्याय्यपणे तपासायला हवा, कारण पुढच्या सगळ्या युक्तिवादांचे मूळ त्यात आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६५ व्या कलमाने पोलिस अधिकाऱ्याला विनावॉरंट झडतीचा अधिकार दिला होता, पण तो मोकाट नव्हता. हवी असलेली वस्तू वेळ न दवडता अन्य मार्गाने मिळणार नाही असे मानायला वाजवी आधार असावा, तो आधार झडतीपूर्वी लेखी नोंदवावा, कोणती वस्तू शोधायची आहे ते शक्य तितके नमूद करावे आणि त्या नोंदीच्या नकला मॅजिस्ट्रेटकडे पाठवाव्यात, अशा अटी होत्या. १०३ व्या कलमाप्रमाणे त्याच वस्तीतले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवायचे, त्यांच्यादेखत झडती घ्यायची, मिळालेल्या वस्तूंची यादी करून त्यावर त्यांच्या सह्या घ्यायच्या, घरमालकाला हजर राहू द्यायचे आणि यादीची प्रत मागितल्यास द्यायची. या अटी आणि आंबेडकरांचा मसुदा शेजारी ठेवून पाहिला तर दोहोंत झगडा नाही. मसुद्यात झडती अवाजवी नसावी असे होते. प्रत्येक झडतीला वॉरंट हवेच असे नव्हते. रावांनीही आपली हरकत एका शंकेवरच उभी केली होती. कोर्टाच्या वॉरंटाशिवाय झडतीच नाही असा याचा अर्थ असेल, तर तपास अडेल, असे ते म्हणत होते. अशा वेळी अर्थ स्पष्ट करणारे एक उपकलम जोडता आले असते. त्याऐवजी हक्कच वगळला गेला. फाळणीच्या दंगलींनी होरपळणाऱ्या त्या महिन्यांत पोलिसांचे हात बांधायला कोणी धजत नव्हते, हेही समजण्यासारखे आहे.

वगळलेली तरतूद दीड वर्षाने सभागृहात परत आली. मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले, यवतमाळ जिल्ह्यातले वकील काझी सय्यद करीमुद्दीन यांनी, आज विसाव्या कलमात असलेल्या तरतुदींवर चर्चा चालू असताना, ५१२ क्रमांकाची दुरुस्ती मांडली. शब्द जवळजवळ चौथ्या दुरुस्तीचेच होते. ३ डिसेंबर १९४८ रोजी चर्चेला उत्तर देताना आंबेडकरांनी ती स्वीकारायची तयारी दाखवली. त्यांचे कारण फार महत्त्वाचे आहे. या दुरुस्तीत नवे काही नाही, हे सगळे फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, असे त्यांनी आधी कबूल केले. परंतु उद्याची कायदेमंडळे संहितेतल्या या तरतुदी रद्द करू शकतील, आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने त्या इतक्या मोलाच्या आहेत की त्या कायदेमंडळाच्या आवाक्याबाहेर ठेवणे इष्ट, अशी त्यांची भूमिका होती. मसुदा समितीच्या अध्यक्षाने एखादी दुरुस्ती मान्य केली की ती सहसा मंजूर होई. या वेळी तसे झाले नाही. मतदानाच्या वेळी सभागृहात दुमत उघड झाले, टी. टी. कृष्णमाचारींनी हरकत घेतली आणि अखेर दुरुस्ती बारगळली. या हक्काच्या तत्त्वाविरुद्ध सभागृहात मोठा युक्तिवाद झाला आणि तो जिंकला, असे इथे घडलेले नाही.

नऊ महिन्यांनी, सप्टेंबर १९४९ मध्ये, याच सभागृहाने अटकेबाबत अगदी उलटा कौल दिला. तोवर व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून अमेरिकी धाटणीची ‘ड्यू प्रोसेस’ ही शब्दरचना गळून तिथे कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती एवढेच उरले होते, आणि त्यावर बाहेर बरीच टीका झाली होती. त्याची भरपाई म्हणून आपण १५-अ हे नवे कलम आणत आहोत, असे आंबेडकरांनी १५ सप्टेंबरला सांगितले. तेच आजचे बाविसावे कलम. अटकेचे कारण सांगणे, वकील देणे, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेणे हे सगळे संहितेत आधीपासून आहे, मग बदल तो काय, या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे होते की, आता संसद किंवा प्रांतिक कायदेमंडळे या तरतुदी काढून टाकू शकणार नाहीत, हाच मूलभूत बदल आहे. म्हणजे झडतीच्या वेळी दिलेलेच कारण त्यांनी अटकेच्या वेळी पुन्हा दिले. पहिल्या वेळी ते चालले नाही, दुसऱ्या वेळी चालले. त्या चर्चेत महावीर त्यागींनी मसुदा समितीच्या सदस्यांना तुरुंगवासाचा अनुभव असता तर बरे झाले असते असा टोला मारला आणि आंबेडकरांनी तो अनुभव यापुढे घेऊन पाहीन असे हसत उत्तर दिले. सभागृहातल्या कित्येकांनी वर्षानुवर्षे कोठड्या पाहिल्या होत्या. अटकेचे दुःख त्यांना स्वतःचे वाटत होते. झडतीसाठी असा आवाज उठला नाही. ‘ड्यू प्रोसेस’ गाळल्याची टोचणी जशी अटकेच्या कलमामागे होती, तशी झडतीच्या कलमामागे कोणतीच निकड नव्हती. दोन कलमांच्या नशिबात जो फरक पडला, त्याचे स्पष्टीकरण तत्त्वापेक्षा प्रसंगात शोधावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यात तत्त्व शोधले. दालमिया जैन एअरवेज या कंपनीच्या कारभाराचा तपास चालू असताना १९५३ च्या अखेरीस दिल्लीच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने एकाच वेळी ३४ ठिकाणांची झडती घेण्यासाठी वॉरंटे काढली आणि कागदपत्रांचे ढीग जप्त झाले. त्यातून उभ्या राहिलेल्या एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींच्या पीठाने मार्च १९५४ मध्ये निकाल दिला. समाजाच्या सुरक्षेसाठी झडतीचा अधिकार सरकारला असतोच आणि कायदा त्याचे नियमन करतो. अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखा हक्क देऊन या नियमनाला घटनात्मक मर्यादा घालणे घटनाकारांनी योग्य मानले नाही. मग तो हक्क ओढूनताणून दुसऱ्या कलमात घुसवायचे कारण नाही, असा निकालाचा आशय. हक्क घटनेत नाही हे खरेच होते. पण नसण्यामागे विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे असे एकदा गृहीत धरले की साधा कायदा हीच शेवटची मर्यादा ठरते. आंबेडकरांना ज्याची भीती होती ती स्थिती अशा रीतीने घटनेचा हेतू म्हणून नोंदली गेली.

याचा परिणाम सामान्य माणसाच्या दारापर्यंत कसा पोहोचतो, हे खडक सिंग खटल्यात दिसते. उत्तर प्रदेशातला हा माणूस १९४१ मध्ये दरोड्याच्या संशयावरून पकडला गेला आणि पुराव्याअभावी सुटला. तरीही पोलिसांनी त्याची ‘हिस्ट्रीशीट’ उघडली. गावचा चौकीदार आणि कधी पोलिस शिपाई रात्री-अपरात्री येत, दार ठोठावत, ओरडून त्याला झोपेतून उठवत. परगावी जायचे तरी आधी वर्दी द्यावी लागे. डिसेंबर १९६२ मध्ये सहा न्यायमूर्तींच्या पीठाने रात्रीच्या या घरभेटी रद्द केल्या, आणि त्याबद्दल या निकालाचे नेहमी कौतुक होते. पण त्या का रद्द झाल्या, हे पाहायला हवे. पोलिसांचे ते नियम म्हणजे केवळ खात्याचे आदेश होते, विधिमंडळाने केलेला कायदा नव्हे, म्हणून. बहुमताने खासगीपणाचा हक्क घटनेत नाही असेच म्हटले आणि बाकीची पाळत कायम ठेवली. सुब्बा राव आणि शहा या दोन न्यायमूर्तींनी सगळेच नियम घटनाबाह्य ठरवले, पण ते अल्पमतात होते. तेव्हा याच घरभेटींना विधिमंडळाने एक कलम लिहून दिले असते तर काय, हा प्रश्न उघडाच राहिला.

साध्या कायद्याची अटही हळूहळू बोथट होत गेली. त्याच सुमारास राधाकिशन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, १०३ आणि १६५ या कलमांचा भंग करून झडती घेतली तरी जप्ती बाद होत नाही. फार तर घरमालक तिला विरोध करू शकेल आणि कोर्ट तो पुरावा अधिक सावधपणे तपासेल. रात्री दारात उभ्या राहिलेल्या फौजदाराला अडवण्याची ही मुभा किती जणांच्या उपयोगाची, हे सांगायला नको. १९७३ मध्ये पूरणमल खटल्यात पाच न्यायमूर्तींनी प्राप्तिकराच्या छाप्यांबाबत तोच सूर पक्का केला. झडती बेकायदेशीर असली तरी तीत सापडलेला पुरावा चालतो, कारण तो वगळावा असे घटनेत कुठेच म्हटलेले नाही. खालच्या कोर्टांत याचे रूप रोज पाहायला मिळते. पंचनाम्यावर सह्या असतात, पण पंच वस्तीतले नसतात. पोलिस ठाण्याच्या आसपास वावरणारे ‘नेहमीचे पंच’ असतात. साक्षीच्या वेळी एखादा पंच फुटतो. कोऱ्या कागदावर सही घेतली, असे सांगतो. बचावाचा वकील त्यावर उलटतपासणीत तास घालवतो आणि शेवटी झडतीतल्या त्रुटीने आरोपीचे नेमके काय नुकसान झाले, असा प्रश्न येऊन मुद्दा संपतो.

ज्या कायद्यावर भरवसा ठेवला, तोच बदलता येतो, हा आंबेडकरांचा मुख्य मुद्दा होता, आणि त्याचा पुरावा संसदेनेच दिला. १९५८ च्या सशस्त्र दले विशेषाधिकार कायद्याने अशांत घोषित झालेल्या भागात लष्कराला विनावॉरंट घरात शिरून झडती घ्यायचा अधिकार दिला. त्याहून बोलके उदाहरण २०१७ चे आहे. प्राप्तिकर कायद्याच्या १३२ व्या कलमाखाली छापा घालायचा तर त्याची गरज आहे असे मानायला कारण असल्याची नोंद अधिकाऱ्याला करावी लागत होती, आणि कोर्टात ही नोंद मागून तपासता येत असे. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने असे स्पष्टीकरण जोडले की, ही कारणे कोणाही व्यक्तीला, कोणत्याही प्राधिकरणाला वा अपील न्यायाधिकरणाला उघड केली जाणार नाहीत. आणि हे स्पष्टीकरण १ एप्रिल १९६२ पासून लागू असल्याचे मानायचे. लेखी कारण ही झडतीवरची सर्वांत जुनी मर्यादा. ती अर्थसंकल्पाबरोबर येणाऱ्या कायद्यातल्या एका परिच्छेदाने, पंचावन्न वर्षे मागे जाऊन, संबंधित माणसाच्या नजरेआड केली गेली. घटनेत कलम असते तर संसदेला हे करताच आले नसते असे नाही. पण त्याला आव्हान देणाऱ्याच्या हातात थेट एक वाक्य असते.

यावर सगळ्यात वजनदार हरकत आणीबाणीची आहे. अटकेचे बाविसावे कलम घटनेत होते, तरी १९७५ मध्ये हजारो लोक तुरुंगात गेले, आणि एप्रिल १९७६ मध्ये एडीएम जबलपूर खटल्यात न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचा अपवाद वगळता सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी दार बंद केले. शिवाय त्याच कलमात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची वाट ठेवलेली आहे. मग लिहिलेल्या शब्दांचा उपयोग काय? संकटाच्या काळात शब्द पुरे पडले नाहीत, हे मान्यच करायला हवे. पण उपयोग जोखायचा तर एरवीच्या काळातले खटले पाहावे लागतात. १९९४ चा जोगिंदरकुमार आणि १९९६ चा डी. के. बसू हे निकाल एकविसाव्या आणि बाविसाव्या कलमांच्या आधारावर उभे राहिले. अटकेचा मेमो, नातेवाइकाला खबर, वैद्यकीय तपासणी या गोष्टी त्यातून आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंकज बन्सल आणि मे २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ खटल्यात अटकेची कारणे लेखी दिली नाहीत एवढ्यावरून सर्वोच्च न्यायालयाने अटकच बेकायदा ठरवली. एक प्रकरण मनी लाँडरिंगचे, दुसरे यूएपीएचे, म्हणजे दोन्ही कडक कायद्यांखालची. कारण दिले नाही तर अटक जाते. झडतीचे कारण नोंदवले नाही तर बहुधा काहीच जात नाही. दोहोंचे नियम एकाच संहितेतून आले होते. त्यांतला एक घटनेत चढला, दुसरा राहिला, आणि त्यांच्या ताकदीत आज दिसणारा फरक मुख्यतः तिथून आला आहे.

दुसरी हरकत पोलिसांच्या बाजूची आहे. अशा हक्कामुळे तांत्रिक चुकीवर गुन्हेगार सुटतील, अमेरिकेत तसेच होते, असे म्हटले जाते. पण अमेरिकेतही हा परिणाम कलमाच्या शब्दांत नव्हता. चौथी दुरुस्ती १७९१ ची. बेकायदा झडतीतला पुरावा वगळायचा नियम संघराज्याच्या खटल्यांत १९१४ मध्ये आणि राज्यांच्या खटल्यांत १९६१ मध्ये आला. चुकीची शिक्षा काय असावी हे प्रत्येक देश आपापले ठरवू शकतो. पुरावा वगळणे हा एक मार्ग, नुकसानभरपाई दुसरा, अधिकाऱ्यावर कारवाई तिसरा. आपल्याकडेही गुंगीकारक पदार्थांच्या कायद्यात संशयिताची अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घेण्याचा हक्क आहे, आणि १९९९ च्या बलदेव सिंग निकालाने तो डावलल्यास अंगझडतीत सापडलेल्या मालावर शिक्षा टिकत नाही असे ठरवले. त्याने अमली पदार्थांचे खटले थांबले नाहीत. पोलिसांना एवढेच कळले की ही अट कागदावर सोडून चालणार नाही. रावांनी १९४७ मध्ये मांडलेली अंतराची आणि वाहनांची अडचणही आता पूर्वीसारखी उरलेली नाही.

तिसरी हरकत आजची आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, शर्मा आणि खडक सिंग निकालांतली उलट विधाने खोडली, आणि तसे करताना करीमुद्दीन यांच्या दुरुस्तीची हकीकतही नोंदली. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमाने झडतीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे. मग उरले काय? पुट्टस्वामी निकालाने मौनाचा चुकीचा अर्थ दुरुस्त केला, हे मोठेच काम झाले. पण कायदा आहे का, त्याचा हेतू योग्य आहे का, उपाय प्रमाणात आहे का, या तिथल्या कसोट्या प्रामुख्याने कायदा तपासण्यासाठी आहेत. अमुक रात्री, अमुक घरात शिरलेल्या अधिकाऱ्याजवळ कारण होते का, हे विचारायला त्या आडवळणाच्या पडतात. चित्रीकरणाची सक्ती स्वागतार्ह आहे, मात्र तीही साध्या कायद्यातच आहे, आणि साध्या कायद्याचे २०१७ मध्ये काय झाले ते आपण पाहिले. म्हणून ५१२ क्रमांकाच्या दुरुस्तीकडे केवळ इतिहासातली एक हुकलेली संधी म्हणून पाहून भागणार नाही. संसदेला ती आजही घटनादुरुस्ती म्हणून आणता येईल. तोवर न्यायालयांना निदान एवढे करता येईल: झडतीच्या लेखी कारणांना अटकेच्या कारणांइतकेच वजन द्यायचे, आणि ती नोंदवली नसतील किंवा दाखवली जात नसतील तर आरोपीचे नुकसान काय झाले, हे त्याला विचारण्याआधी अधिकाऱ्याला उत्तर द्यायला लावायचे.